बिनतिखटाची कोंबडी

लालबाग-परळकडे 'चव' आणि 'तिखट' हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. रस्सा कसा झालाय असं विचारावं आणि समोरच्याने नाक पुसत 'झकास' म्हणावं, की समजायचं जमलं. एप्रिल-मे महिन्यात इथल्या मसाला गल्लीतून नुसतं चालत गेलं तरी शिंका येतात. डंकांसमोर मिरच्यांच्या पिशव्या घेऊन बायकांच्या रांगा लागतात आणि वर्षाचा मसाला झाला की घराला एक प्रकारचा निवांतपणा येतो. मी याच हवेत वाढलो, त्यामुळे तिखटाविरुद्ध माझी काही तक्रार नाही हे आधीच सांगून टाकतो. :-)

तरीही आज एक मत मांडायचंय. ज्या घरात कोंबडी शिजते, त्या घरातल्या एकाला तरी इराणी पद्धतीचे दोन-तीन कोंबडीचे पदार्थ यायला हवेत. इराणी म्हणजे कोपऱ्यावरच्या इराण्याकडचे नव्हेत. इराणमधल्या घरांत शिजतात ते. हे मत शौकातून आलेलं नाही, गरजेतून आलंय.

गरज अशी. बाबांचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिखट कायमचं बंद केलं. ज्या माणसाने साठ-पासष्ट वर्षं मालवणी मसाल्याचा रस्सा भुरकला, त्याच्या ताटात मुगाची खिचडी, दूध-भात आणि नुसत्या हळद-मिठात उकडलेली कोंबडी आली. आई सगळं मायेने करायची, वेळेवर करायची. पण रविवारी काय व्हायचं? बाबांना आधी वाढायचं, ते मुकाट्याने जेवून आतल्या खोलीत जाऊन पडायचे आणि मग आम्ही बाकीचे रश्श्यावर बसायचो. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. पण वासाला दार थोडंच असतं... तीन-चार महिन्यांत ते जेवणाबद्दल बोलायचेच बंद झाले. पूर्वी बाजारात कुठली सुरमई आली इथपासून त्यांचं बोलणं सुरू व्हायचं.

मला यात खटकत होतं ते वेगळं ताट. पथ्य पाळायलाच हवं, त्यात वाद नाही. पण पथ्याचं जेवण म्हणजे घरच्या जेवणातून मसाला वजा करून उरलेलं काहीतरी, ही आपली समजूत चुकीची आहे. वजा केलेल्या जेवणात वजाबाकीच दिसते, आणि खाणाऱ्याला ती पहिल्या घासात कळते. म्हणून मी असं जेवण शोधू लागलो, ज्यात तिखट मुळातच नाही, आणि नाही म्हणून काही अडलेलंही नाही. तसं शोधताना इराणपाशी येऊन थांबलो.

आता कुणी म्हणेल, एवढ्या लांब कशाला जायचं? तर ते इतकं लांब नाही. आपल्या तोंडातले शब्दच बघा. पुलाव, कबाब, पिस्ता, अंजीर हे सगळे फारसीतून आलेले. जर्दाळू म्हणजे 'पिवळा आलू', बेदाणा म्हणजे 'बिनबियांचा', दालचिनी म्हणजे 'चीनचं लाकूड'. मुर्गी त्यांच्या 'मोर्ग'वरून आली आणि लग्नाच्या जेवणातली डेगची त्यांच्या 'देग'वरून. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. स्वयंपाकघरातले शब्द मात्र आपण आजवर सुखाने वापरतोय. माधव जूलियनांनी 1925 साली फारसी-मराठी कोश काढला. तो चाळताना अर्धा बाजारहाट ओळखीचा वाटतो.

आणि माणसंही शेजारचीच. पारशी हजारेक वर्षांपूर्वी गुजरातेत आले आणि त्यांचं जेवण तिकडच्या मातीत मुरलं. इराणी मात्र बरेच नंतरचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला यज्द, केरमान भागातून आलेल्या झरथुष्ट्री इराण्यांनी मुंबईत हॉटेलं आणि बेकऱ्या काढल्या. धोबीतलावचं कयानी 1904 सालचं, ग्रँट रोडचं मेरवान 1914 सालचं. इराणी मुसलमानही इथे होते. डोंगरीची निळ्या फरशांची मुघल मशीद 1860 साली त्यांच्यासाठीच उभी राहिली. म्हणजे गिरगाव-दादरच्या माणसाचा इराण्याशी शंभर वर्षांहून जुना परिचय. पण परिचय कशाचा? ब्रून मस्का, पानी कम चाय, मावा केक, आम्लेट, खिमा पाव. गिऱ्हाइकाला परवडेल आणि आवडेल ते गल्ल्यावर आलं. घरात शिजणारं घरातच राहिलं.

याला एक ठळक अपवाद आहे तो बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियाचा. 1923 साली सुरू झालेल्या या हॉटेलात 1982 च्या सुमारास बेरी पुलाव आला. मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नी बच्चन इराणमध्ये राहून आल्या होत्या. तिथल्या 'झरेश्क पोलो'ला त्यांनी मुंबईच्या जिभेला रुचेल असं थोडं मसालेदार रूप दिलं. बोमनशेठ 2019 साली, सत्त्याण्णव वर्षांचे होऊन गेले. टेबलाटेबलापाशी जाऊन गप्पा मारणारे आजोबा अनेकांना आठवत असतील. तो पुलाव उत्तमच. पण त्याचं मूळ रूप घरी केलं तर ते अजून शांत असतं, आणि मला नेमका तो शांतपणा हवा होता.

झरेश्क म्हणजे लाल, आंबट, मनुकांपेक्षा बारीक सुकी फळं. आयुर्वेदात जी दारुहळद सांगितली आहे, तिच्याच कुळातलं हे झुडूप. कांदा मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत परतायचा, हळद घालायची, कोंबडीचे मोठे तुकडे त्यात दोन्ही बाजूंनी परतून थोड्या पाण्यात शिजवायचे आणि शेवटी केशराचं पाणी घालायचं. केशर चिमूटभर साखरेबरोबर खलात कुटून गरम पाण्यात भिजवलं की मोजक्या काड्यांतही रंग धरतं. तांदूळ अर्धवट उकडून, निथळून, पुन्हा पातेल्यात भरायचा आणि झाकणाला फडकं बांधून दमावर ठेवायचा. झरेश्क धुऊन, साखर घालून लोण्यात अगदी थोडा वेळ परतायचे, कारण ते चटकन करपतात. मग भातावर पसरायचे. मसाला म्हणाल तर बस्स, एवढाच.

तळाशी जो कुरकुरीत सोनेरी थर धरतो त्याला ते तहदीग म्हणतात, म्हणजे पातेल्याचा तळ. आपल्याकडे खरवड लागली की आपण पातेलं भिजत घालतो. त्यांच्याकडे ती मुद्दाम लावतात आणि पाहुण्याला आधी वाढतात!

आईचा आक्षेप ठरलेला होता. "मसालो नाय घातलंस तर वास येतलो." तिचं अगदीच चूक नाही. गंमत म्हणजे इराणी बायकांनाही हीच काळजी असते. कच्च्या मांसाच्या त्या वासाला फारसीत 'जोहम' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि तो घालवायला त्या कांदा, हळद, केशर, लिंबू, कधी दालचिनीचा तुकडा वापरतात. म्हणजे प्रश्न दोन्ही स्वयंपाकघरांत एकच. आपण तो वास मसाल्याखाली झाकतो, त्या तो मंद आचेवर आणि आंबटाने घालवतात.

पण बाबांना मनापासून पटलं ते फेसेंजान. कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातला हा पदार्थ, मुळात बदकाचा, आता बहुतेक घरांत कोंबडीचा. अक्रोड बारीक वाटायचे, पाणी घालून मंद आचेवर तास-दीड तास शिजवायचे, त्यांना तेल सुटलं की डाळिंबाचा आटवलेला रस घालायचा आणि परतलेली कोंबडी त्यात मुरू द्यायची. रंग येतो थेट आपल्या भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणासारखा, जवळपास काळा. बाबा ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसले होते. 'तेल सुटेपर्यंत थांबायचं' म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. कारण वाटणाला तेल सुटल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा आमच्या गावचाही कायदा आहे. त्या दिवशी पहिल्यांदा ते आमच्याबरोबर शेवटपर्यंत बसले. दुसऱ्यांदा भात घेतला आणि म्हणाले, "ह्यां काय आजाऱ्याचां जेवाण नाय." माझ्या मते या पदार्थाची यापेक्षा मोठी शिफारस होऊ शकत नाही.

डाळिंबाचा रस बाटलीत मिळतो, पण घरी आटवणंही कठीण नाही. साधारण एक लिटर रसाचा वाटी-सव्वा वाटी दाट अर्क होतो. आपला भगवा डाळिंब गोड असतो, म्हणून त्यात लिंबू पिळावं लागतं. सोलापूर-नाशिककडे एवढी डाळिंबं पिकतात आणि आपण ती फक्त सोलून खातो किंवा दहीभातावर पेरतो, याचं मला आता नवल वाटतं.

आता आक्षेपांकडे येतो, कारण आत्या हे वाचून फोन करणार हे नक्की.

पहिला आक्षेप खर्चाचा. झरेश्क, केशर, अक्रोड, सगळं महाग. खरंय. फेसेंजान दर रविवारी करायचा पदार्थ नाही, आमच्याकडेही तो दोन-तीन महिन्यांतून एकदाच होतो. पण जूजे कबाबला काय लागतं? कांद्याचा रस, लिंबू, दही, तेल आणि थोडं केशर. झरेश्क नसतील तर भातावर डाळिंबाचे दाणे पेरावेत. चव तीच येणार नाही, पण ताट फिकं दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा की, आपलं सोडून हे परक्यांचं कौतुक कशाला? सोडलंय कोणी? आषाढ संपता संपता आमच्याकडे कोंबडी-वडे होतात आणि होत राहतील. दोन भाषा येणारा माणूस पहिली विसरतो असं थोडंच आहे? उलट दुसरी शिकताना पहिलीतले नियम नव्याने कळतात, जसा तेल सुटण्याचा नियम बाबांना पुन्हा भेटला.

तिसरा आक्षेप सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक: "चमचाभर गरम मसाला घातला तर काय बिघडतं?" बिघडतं. गरम मसाल्याचा चमचा पडला की केशर आणि झरेश्क दोघंही गप्प बसतात, आणि हातात उरते ती धड इराणी नाही, धड मालवणी नाही अशी कोंबडी. मग आपणच म्हणतो, 'त्यापेक्षा आपलंच बरं.' एखाद्या जेवणाला नापास करायचंच असेल, तर आधी त्याचं त्याला बोलू द्यावं.

आणि एक इशाराही. हे औषध नाही. अक्रोड आणि लोणी जड असतं, आंबट प्रत्येकाला चालतंच असं नाही. बाबांना आंबट चालेल का, किती चालेल, हे आम्ही डॉक्टरांना विचारूनच सुरुवात केली. तुम्हीही विचारा.

पण मूळ मुद्दा औषधाचा नाहीच. घरोघरी वय वाढतंय. कुणाला तिखट बंद, कुणाला मीठ कमी, कुणाला साखर वर्ज्य. त्या प्रत्येकासाठी आपण एक छोटं पातेलं वेगळं चढवतो आणि त्याला सेवा म्हणतो. ती सेवा आहेच. पण रोज वेगळ्या पातेल्यातलं जेवणाऱ्याला हळूहळू वाटू लागतं, की आपण या घरात पाहुणे आहोत. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा तरी असं काही शिजवावं, जे त्याला चालतं आणि आपल्यालाही आवडतं. ज्याला तिखट हवं त्याने बाजूला मिरची चावावी. मी चावतो. :-) एकासाठी सगळ्यांचं बदलायचं की सगळ्यांसाठी एकाला बाजूला बसवायचं, एवढाच प्रश्न आहे, आणि आपण बहुतेक जण तो कधी विचारातच घेत नाही.

असो. सुरुवात करायची असेल तर जूजे कबाबपासून करा. एक किलो बोनलेस कोंबडी, दोन मोठे कांदे किसून पिळलेला रस, दोन लिंबं, अर्धी वाटी दही, चमचा-दोन चमचे तेल, मीठ आणि केशराचं पाणी. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी तव्यावर किंवा शेगडीवर भाजा, भाजताना वरून लोणी लावा. सोबत भाजलेला टोमॅटो आणि मोकळा भात. घरातल्या पथ्याच्या माणसाला आधी नको, नंतर नको, सगळ्यांच्या बरोबर वाढा.

ता. क. – गावाहून काका विचारतीलच म्हणून आधीच सांगतो: हो, फेसेंजानबरोबर वडे चालतात. आम्ही खाऊन बघितलेत.