‘झेनी’: एका शब्दाचे मूळ आणि आपले हसू

इंग्रजीतील ‘झेनी’ या विशेषणास आपण वर्गात ‘तऱ्हेवाईक’, ‘विक्षिप्त’, ‘चक्रम’ असे प्रतिशब्द देतो. ते चुकीचे नाहीत. परंतु त्यांतून विनोदाचे मूळ केवळ व्यक्तीच्या स्वभावात असल्याचा समज होतो. या शब्दाचा इतिहास वेगळे सांगतो.

‘झेनी’ हा इटालियन ‘झान्नी’पासून आला. ‘झान्नी’ हे ‘जोव्हान्नी’ या सर्वसामान्य नावाचे उत्तर इटलीतील बोलीरूप. सोळाव्या शतकातील ‘कोमेदिया देल्लार्ते’ या मुखवट्यांच्या नाट्यप्रकारात ते नोकराच्या पात्रास मिळाले. बेर्गामोच्या डोंगराळ मुलखातून व्हेनिसला हमालीसाठी येणारा गडी हा या पात्राचा नमुना. त्याची न शमणारी भूक आणि डोंगरी बोली यांवर शहरी प्रेक्षक हसत. त्याच शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत रुळला. शेक्सपिअरच्या नाटकांतही तो आढळतो. विदूषकाची ओबडधोबड नक्कल करणारा साथीदार, हा त्याचा तेथील आरंभीचा अर्थ. पुढे नाम मागे पडले, विशेषण उरले. हमाल विस्मरणात गेला. त्याचा तऱ्हेवाईकपणा तेवढा टिकला.

डहाणू-तलासरीच्या अध्यापकांना हा इतिहास परका वाटू नये. येथील वारली मजूरही हंगामात वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात, आणि त्यांची बोली शहरी कानांना अनेकदा ‘गमतीदार’ वाटते. आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे १९४५ साली वारल्यांनी वेठ नाकारण्याचा निर्धार केला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात त्या लढ्याची हकिकत आहे. असा लढा देणाऱ्या समाजाला सरसकट ‘भोळा’ ठरवून त्याच्या बोलण्यावर हसणे ही रसिकता नव्हे.

यावर असा आक्षेप संभवतो की, विनोदाला सामाजिक अन्यायाच्या तराजूत घातले की त्यातील निर्मळ आनंदच हरपतो. आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक हसू अवमानाचे नसते. परंतु झान्नीही केवळ हसण्याचा विषय नव्हता. झान्नींपैकी एक धूर्त असे आणि मालकाची फजिती करी. आपल्या तमाशातील सोंगाड्याही स्वतःवर हसू ओढवून घेत सरदाराची खोड मोडतो. हसू कोणत्या दिशेने जाते, हे पाहिल्यावाचून विनोदाची मीमांसा पुरी होत नाही.

म्हणून वारली कथा संकलित करताना केवळ ‘विक्षिप्त विनोद’ अशी नोंद पुरेशी नाही. कथा कोणी, कोणापुढे, कोणत्या प्रसंगी सांगितली आणि तीत फजिती कोणाची झाली, हे नोंदवणे अगत्याचे आहे. मूळ बोलीतील संहिताही जपली पाहिजे. प्रमाण मराठीत उतरवताना सावकारावरचे हसू नकळत सांगणाऱ्यावर उलटू शकते. आणि मूळ संहिता हाती नसेल तर ही उलथापालथ पुढच्या अभ्यासकाच्या ध्यानातही येणार नाही.