माळ्यावरची पोथी



विश्रामबागेत बियाणे साठवणीवर बोलत होतो. एका आजींनी विचारले, "साहेब, माळ्यावरच्या पोथीलाही कसर लागलीय. रद्दीत घालू का?"

आजी, मुळीच नको! बियाण्याला ऊन द्या. पोथी मात्र सावलीतच वाळवा. पानांचा क्रम न मोडता सुती कापडात घट्ट बांधा, जवळ कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. शेवटच्या पानावर शक असेल तर त्यात ७८ मिळवा. इसवी सन निघेल.

तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ साली लोकांना खुले झाले. तिथे जुन्या मराठी पोथ्या जपल्या आहेत. अभ्यासक एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती ताडून मूळ शब्द ठरवतात. कोण जाणे, तो शब्द तुमच्याच माळ्यावर शाबूत असेल!