आंखूड क्रिकेट आणि गोलंदाजाचा वांटा

भाताची कापणी उरकून मळे मोकळे झाले, म्हणजे आपल्या मालवण किनाऱ्यावर क्रिकेटचे दिवस सुरू होतात, हें विद्यार्थ्यांस सांगावयास नको. कोणी शेतांतील खुंट चोपून खेळपट्टी करितात, कोणी सड्यावरचे खडे वेंचून मैदान साफ करितात, आणि किनाऱ्याजवळचीं मुलें ओहोटीची वाट पाहून ओल्या घट्ट वाळूंत यष्ट्या रोंवितात. पुढें गांवोगांवच्या मंडळांचे टेनिसच्या चेंडूचे सामने लागतात. मे महिन्यांत मुंबईचे चाकरमानी घरीं आले कीं या सामन्यांस अगदीं भरतें येतें. मालवणांतील बोर्डिंग मैदान तर या खेळासाठीं सर्वांच्या परिचयाचें आहे. हे सामने बहुतेक आंखूड. पांच, सहा, फार तर आठ षटकांचे. आमचे विद्यार्थी ज्याला क्रिकेट म्हणून ओळखतात व ज्यावर जीव टाकतात, तें हेंच. तेव्हां त्याच्या नियमांचा थोडा विचार शाळेच्या वार्षिकांत केला, तर तो अप्रस्तुत होणार नाहीं असें आम्हांस वाटतें.

क्रिकेटचे नियम म्हणजे पूर्वजांनीं एकदां घालून दिलेली वहिवाट, तिला हात लावणें हा अधर्म, असा कित्येकांचा समज असतो. इतिहास तसें सांगत नाहीं. १७७१ सालीं इंग्लंडांत व्हाइट नांवाचा एक फलंदाज यष्ट्यांच्या रुंदीएवढी बॅट घेऊन मैदानांत उतरला. तेव्हां बॅटची रुंदी सव्वाचार इंचांहून अधिक नसावी असें ठरलें, व ती मर्यादा आजहि कायम आहे. त्या काळीं यष्ट्या दोनच असत. १७७५ सालीं लम्पी स्टीव्हन्स या गोलंदाजाचा चेंडू जॉन स्मॉल या फलंदाजास चकवून त्या दोन यष्ट्यांच्या मधून एकदां नव्हे, अनेकदां पार गेला, तरी फलंदाज आपल्या जागीं सुखरूप! हा उघड अन्याय लोकांस खटकला आणि मधली तिसरी यष्टि आली. हात खांद्याच्या वर नेऊन चेंडू टाकण्याची मोकळीक १८६४ सालची. ऑफ-यष्टीच्या बाहेर टप्पा पडून आंत वळणारा चेंडू फलंदाज खुशाल पॅडनें अडवूं लागले, म्हणून १९३५ सालीं पायचीताचा नियम विस्तृत करून पाहिला व १९३७ सालीं तो कायम केला. बॅट आणि चेंडू यांपैकीं एकाची सरशी बेसुमार झाली कीं शहाण्या लोकांनीं नियम बदलला, आणि खेळ त्यामुळें बिघडला नाहीं.

आतां आंखूड खेळाकडे वळूं. व्यावसायिक क्रिकेटांत वीस षटकांचा खेळ इंग्लंडांत २००३ सालीं सुरू झाला. २००७ च्या सप्टेंबरांत दक्षिण आफ्रिकेंत या खेळाचा पहिला विश्वचषक झाला व तो भारतानें पाकिस्तानास पांच धांवांनीं हरवून जिंकला. पुढच्याच वर्षीं आयपीएल निघाली. पांच दिवसांच्या क्रिकेटचे अभिमानी या खेळाचें नांव काढतांच नाक मुरडतात. आम्ही त्यांच्यापैकीं नव्हे. ज्या बापाला पहांटे होडीवर जावयाचें असतें किंवा दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसावयाचें असतें, त्यानें पांच दिवस कोठून आणावे? तीन तासांत संपणारा सामना तो मुलाशेजारीं बसून पाहूं शकतो, हा लाभ लहान नव्हे.

परंतु या खेळांत बॅटीचें पारडें आज फार खालीं गेलें आहे. १५ एप्रिल २०२४ रोजीं बंगळूर येथें हैदराबादच्या संघानें वीस षटकांत ३ गडी बाद २८७ धांवा केल्या. त्यानंतर अकराच दिवसांनीं कोलकात्यास पंजाबच्या संघानें २६२ धांवांचा पाठलाग केवळ दोन गडी गमावून, तोहि आठ चेंडू राखून, पुरा केला. असे आंकडे ऐकून मुलें टाळ्या पिटतात. पण त्या सामन्यांत चेंडू टाकणाऱ्या मुलाचें काय झालें असेल, असा विचार एखाद्यानें तरी करावा. बॅटी जाड झाल्या, सीमेचे दोर आंत ओढले गेले, हीं कारणें सर्व सांगतात व तीं खरींहि आहेत. आमच्या मतें मूळ कारण साध्या भागाकारांत आहे. पन्नास षटकांच्या डावांत चेंडू तीनशें आणि गडी दहा. म्हणजे एका गड्याच्या वांट्यास तीस चेंडू येतात. वीस षटकांत तेच बारा होतात. आपल्या गांवच्या सहा षटकांच्या सामन्यांत चेंडू छत्तीस, म्हणजे एका गड्यास चार चेंडूहि नाहींत! अशा स्थितींत गडी बाद झाला तरी कोणास दुःख होत नाहीं. दुसरा येतो व तोहि डोळे मिटून बॅट फिरवितो. गडी मातीमोल झाला म्हणून त्याला बाद करण्याची कलाहि मातीमोल झाली. तेव्हां नियमांत जी सुधारणा करावयाची, ती गड्याची किंमत वाढविणारी हवी.

या कसोटीस आयपीएलचा २०२३ पासूनचा राखीव खेळाडूचा नियम, ज्यास इम्पॅक्ट प्लेयर म्हणतात, मुळींच उतरत नाहीं. सामना चालू असतां एका खेळाडूस बसवून त्याच्या जागीं दुसरा घ्यावयाचा. म्हणजे गोलंदाजी करून थकलेला बाहेर आणि ताजा फलंदाज आंत. संघास एक फलंदाज आगाऊ मिळतो आणि आधींच स्वस्त असलेला गडी आणखी स्वस्त होतो. शिवाय दोन्ही कामें करणाऱ्या अष्टपैलू खेळाडूची गरजच उरत नाहीं. १९५२ सालीं लॉर्ड्सवर विनू मांकड यांनीं एकाच कसोटींत ७२ व १८४ धांवा केल्या आणि मध्यंतरीं ७३ षटकें टाकून पांच गडीहि टिपले. त्यांनीं या नियमाखालीं खेळावें तरी कोणतें अर्ध? या नियमामुळें अष्टपैलूंची वाढ खुंटेल, अशी नापसंती खुद्द रोहित शर्मा यांनीं २०२४ त बोलून दाखविली. त्याच वर्षीं भारतीय क्रिकेट मंडळानें सय्यद मुश्ताक अली चषकाच्या सामन्यांतून तो काढून टाकला. आयपीएलमध्यें मात्र २०२७ पर्यंत ठेवला. जें देशांतील उमेदवार खेळाडूंस अपायकारक, तें पैशाच्या खेळांत हितकारक कसें, हें कोडें आम्हांस सुटलेलें नाहीं.

दुसरी गोष्ट षटकांच्या मर्यादेची. वीस षटकांच्या सामन्यांत गोलंदाजास चारच षटकें मिळतात. फलंदाजाला अशी मर्यादा कोणती? शक्ति असेल तर त्यानें पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत खेळावें. उत्तम फलंदाज मनमुराद खेळूं शकतो, आणि उत्तम गोलंदाजानें चोवीस चेंडू टाकून झाले कीं सीमेवर जाऊन उभें राहावयाचें! आमची सूचना अशी कीं, प्रत्येक संघास आपल्या एका गोलंदाजाला सहा षटकें देण्याची मुभा असावी, बाकीच्यांस चारच. कर्णधारास विचार करावा लागेल, आणि दोन षटकें कशींबशीं ढकलणारा पांचवा-सहावा गोलंदाज शोधण्याची यातायात वांचेल. त्याबरोबरच सीमेचा दोर, जागा असेल तेथें, नियमानें परवानगी असलेल्या नव्वद यार्डांकडे सरकवावा. पासष्ट यार्डांवर तो आणून ठेवणें म्हणजे झेल जावयाचा त्यास षटकार म्हणणें.

येथें आपल्या भागांतील एका थोर शिक्षकाची आठवण होते. रमाकांत आचरेकर हे मूळचे मालवणचे. मुंबईस शिवाजी पार्कवर ते सचिन तेंडुलकर यांस शिकवीत, तेव्हां मधल्या यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्यास तें नाणें, आणि कोणीच बाद न केल्यास तें सचिनचें. सचिनची जिद्द सर्व वर्णन करितात. आम्हांस त्या नाण्यांत आणखी एक गोष्ट दिसते: तें नाणें गोलंदाजांपुढेंहि तितकेंच ठेवलेलें होतें. गड्याची किंमत त्या गुरूनें रोख ठरवून दिली होती.

सामना बरोबरींत सुटला तर काय करावें, याविषयीं मोठ्या संस्थांनींहि पुष्कळ चांचपडून पाहिलें आहे. २००७ च्या त्याच विश्वचषकांत डरबन येथें भारत व पाकिस्तान यांची बरोबरी झाली, तेव्हां फलंदाजावांचूनच यष्ट्यांवर नेम धरण्यास लावून भारतास ३-० असा विजयी ठरविलें. पुढें सुपर ओव्हर आली. १४ जुलै २०१९ रोजीं लॉर्ड्सवर पन्नास षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, त्यांत इंग्लंड व न्यूझीलंड दोघांच्याहि धांवा २४१, आणि सुपर ओव्हरमध्येंहि दोघांच्या पंधरा. शेवटीं ज्याचे चौकार-षटकार अधिक, तो इंग्लंडचा संघ जगज्जेता! वस्तुतः इंग्लंडचे दहाहि गडी बाद झाले होते आणि न्यूझीलंडचे आठच. गवगवा झाल्यावर तो नियम रद्द होऊन निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर खेळावी असें ठरलें. त्याप्रमाणें १७ जानेवारी २०२४ रोजीं बंगळुरास भारत व अफगाणिस्तान यांस दोनदां सुपर ओव्हर खेळावी लागली. आमचें म्हणणें सरळ आहे: धांवा समान असतील तर ज्याचे गडी कमी बाद झाले तो विजयी. गडीहि समान असले तरच पुढची खटपट करावी. एवढें एक कलम घातलें तरी शेवटच्या षटकांत आठव्या गड्यास जपून खेळावेंसें वाटेल. गांवच्या मंडळांस तर हा नियम फारच सोयीचा. रात्रीं बारा वाजतां, चेंडू दंवानें भिजला असतां, आणखी एक षटक कोण कोणास टाकणार?

नवे नियम काढणाऱ्यांची कल्पकता मात्र बहुधा उलट्या दिशेनें धांवते. मार्च २०२४ मध्यें ठाण्यास टेनिसच्या चेंडूची मोठी व्यावसायिक स्पर्धा भरली. तींत प्रेक्षकांत चेंडू गेल्यास नऊ धांवा, तसेंच एका षटकांत ठराविक धांवा झाल्या तर निमपट बक्षीस, असे प्रकार होते. गल्लींतल्या खेळाडूंस मानाचें मैदान मिळालें, हें आम्हांस मनापासून आवडलें. पण नऊ धांवांचें आमिष कशाला? त्यापेक्षां आपल्या वाड्यांतील मुलांनीं स्वतःच बसविलेले नियम पाहा. गडग्यावरून थेट माडाच्या बागेंत चेंडू मारला तर बाद. एका टप्प्यावर एका हातानें झेलला तरी बाद. पहिला नियम चेंडू हरवूं नये म्हणून झाला असेल, दुसरा जागा थोडी म्हणून. परंतु परिणाम असा कीं मुलगा चेंडू जमिनीलगत, मोकळ्या जागेंत मारावयास शिकतो. शिवाय लहानग्यास ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळावयास घेतात, त्याला घरीं पाठवीत नाहींत. जाग्याप्रमाणें नियमाची चाल कशी बदलते पाहा: १९८१ सालीं मेलबर्नला ट्रेव्हर चॅपेलनें शेवटचा चेंडू सरपटी टाकला म्हणून जगभर त्याची छी-थू झाली, आणि आमच्याकडे अंडरआर्मच्या स्पर्धांस ढोल वाजतात!

आतां आमच्या शाळेच्या वर्गावर्गांतील सामन्यांविषयीं. सहा षटकांच्या सामन्यांत काय होतें, हें सर्वांनीं पाहिलें आहे. दोघे-तिघे दांडगे मुलगे सगळे चेंडू खेळतात, तेच गोलंदाजीहि करितात, आणि उरलेले सात-आठ जण उन्हांत उभे राहून गडग्यापलीकडला चेंडू आणून देतात. संध्याकाळीं घरीं गेल्यावर आई विचारते, “आज काय केलंस?” तर मुलगा म्हणतो, “क्रिकेट खेळलों.” त्यानें खरें म्हटलें असतें तर “चेंडू आणला” असें म्हटलें असतें. हाँगकाँग येथें १९९२ पासून सहा-सहा खेळाडूंचे सामने होत आले आहेत. त्यांत यष्टिरक्षकावांचून प्रत्येकानें एक षटक टाकावयाचें आणि ठराविक धांवा झाल्या कीं फलंदाजानें नाबाद परत फिरावयाचें, अशी मूळची रीत. इंग्लंडांत लहान मुलांचे सामने जोडीजोडीनें खेळवितात. प्रत्येक जोडीस नेमून दिलेलीं षटकें पुरीं मिळतात, बाद झालें तरी खेळत राहावयाचें, मात्र प्रत्येक बादाबद्दल संघाच्या कांहीं धांवा वजा होतात.

या दोन्ही रीतींची सांगड घालून आम्ही सुचवितों कीं, येत्या हंगामांत वर्गांचे संघ दहा-दहा जणांचे करावे व सामना दहा षटकांचा ठेवावा. पांच जोड्या, प्रत्येक जोडीस दोन षटकें. प्रत्येकानें एक षटक टाकावें. यष्टिरक्षक पांच षटकांनंतर बदलावा, म्हणजे त्यालाहि चेंडू हातांत मिळेल. एक गडी बाद झाला कीं पांच धांवा वजा. मुलींचे सामने याच नियमांनीं व याच मैदानावर व्हावे; २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईस भारताच्या मुलींनीं विश्वचषक जिंकल्यावर, ज्या संघांत आपल्या सांगलीची स्मृति मानधना होती, याविषयीं कोणत्याहि पालकानें शंका काढूं नये.

शंका दुसरीकडून येतील, हें आम्ही जाणतों. वर्गांतील नामांकित फलंदाज म्हणतील, आम्हांस बाराच चेंडू मिळणार. त्यांचे पालक म्हणतील, आमचा मुलगा एकटा सामना जिंकून देतो, त्याला कां अडवितां? तालुक्याच्या स्पर्धेसाठीं शाळेचा संघ निवडला जाईल, तो त्या स्पर्धेच्या नियमांनींच खेळेल व तेथें त्यानें हवें तितकें खेळावें. वर्गाच्या सामन्यांत मात्र त्याच्याबरोबर आणखी नऊ जण आहेत. शिवाय आजपर्यंत ज्या मुलाच्या हातीं चेंडू कधीं पडलाच नाहीं, त्याला वळण आहे कीं वेग, हें कोणास ठाऊक? निवड करणाऱ्या शिक्षकासहि तें यांतूनच कळेल.

पांच धांवा वजा कीं चार, याचा निर्णय आम्ही मुद्दाम केलेला नाहीं. चार ठेविल्या तर एका चौकारांत भरपाई होते व भीति उरत नाहीं. सहा ठेविल्या तर लहान मुलें भिऊन बॅटच उचलणार नाहींत. डिसेंबरांतील पहिले दोन सामने पांचांवर खेळून पाहावे व मग वर्गप्रमुखांनीं बसून ठरवावें. वजा धांवा मांडण्यास जुनी धांववही चालणार नाहीं. तिच्यांत एक रकाना अधिक लागेल, तो सातवीच्या विद्यार्थ्यांनीं नाताळच्या सुटीपूर्वीं आंखून ठेवावा.