मावशीची नखं

नख म्हटलं की मराठी माणसाला प्रथम आठवतात ती वाघनखं. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी त्यांनी काय केलं, ते शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण वाघ राहिला रानात, वाघनखं राहिली इतिहासात, आणि आपल्या सतरंजीवर लोळत असते ती वाघाची मावशी. भाच्याची सगळी हत्यारं लहान मापात तिच्या पंजांत असतात आणि ती रोज आपल्या अंगाखांद्यावर चालतात. म्हणून यंदाच्या दिवाळीत चकलीच्या भाजणीचं प्रमाण बाजूला ठेवून मी मांजराची नखं घरच्या घरी कशी कापावीत ते सांगणार आहे. भगिनींनी रागावू नये. भाजणी दुसऱ्या कुणाच्या पानावर असेलच.

विषय दिसतो तितका हलका नाही. आमच्या घरात तरी त्यापायी दोन तट पडले होते. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आणि कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली. दुपारी त्या वाती वळत बसल्या की आमची ठमी त्यांच्या मांडीवर चढते आणि कणीक तिंबावी तशी पुढच्या दोन पायांनी मांडी तिंबू लागते. ही मांजराची माया. पिलू असताना आईला दूध यावं म्हणून ते असंच तिंबतं आणि मोठेपणी सुख झालं की ती सवय वर येते. मायेला नखं असतात ही मात्र अडचण. सासूबाईंच्या हातांवर ओरखडे दिसू लागले, लुगड्यावर रक्ताचे ठिपके दिसू लागले आणि डॉक्टरांनी बजावलं, “आजींना हे परवडायचं नाही.”

हे लगेच म्हणाले, “मांजर मासळीबाजारात सोडून येतो. तिथं तिला खायची ददात नाही.”

सासूबाईंनी वातीवरची नजर न काढता उत्तर दिलं, “मग मलाही तिथंच सोड. मासळी मलाही चालते.”

यावर हे काय बोलणार? निकाल लागला तो असा, की मांजर राहील, आजी राहतील, जायचं ते नखांच्या टोकांनी.

आता टोक म्हणजे किती, ते आधी समजून घ्यावं. मांजराला बहुधा अठरा नखं असतात. पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार. चालताना ती आत ओढलेली असतात, म्हणून तर तिची चाहूल लागत नाही. पंजा वरून आणि खालून दोन बोटांत धरून हलकेच दाबला की नख म्यानातून सुरी निघावी तसं बाहेर येतं. उजेडात धरून पाहा. टोकाकडचा भाग पांढुरका, आरपार दिसणारा आणि मुळाकडे गुलाबी रेघ. ती गुलाबी रेघ म्हणजे जिव्हाळी. तिच्यात रक्त आहे आणि वेदना आहे. आपल्या नखाची जिव्हाळी दुखावली तर डोळ्यांत पाणी येतं, तसंच तिचं. म्हणून कापायचं ते जिव्हाळीपासून दोन मिलिमीटर अलीकडे, नुसतं आकड्यासारखं वळलेलं टोक. नख काळं असेल आणि रेघ दिसत नसेल तर त्याहून कमी कापावं. दिवेलागणीनंतर नखं कापू नयेत असं जुनी माणसं सांगत. मांजराच्या बाबतीत तरी ते तंतोतंत पाळावं, कारण अंधुक उजेडात जिव्हाळी दिसत नाही.

हत्यार म्हणाल तर मांजरांसाठी छोटी कात्री मिळते, ती उत्तम. माणसांचा धारदार नेलकटरही चालतो. मात्र तो आडवा न धरता कडेनं धरावा, म्हणजे पात्याची धार नखाच्या वरून खाली येते आणि नख चिरफाळत नाही. चुकून रक्त आलंच तर घाबरू नये. चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावून थोडा वेळ दाबून धरावं आणि त्या दिवसाचं काम तिथंच आटोपतं घ्यावं.

हे झालं हातांचं काम. खरं काम त्याआधीचं. पहिले आठ दिवस कात्री कपाटातून काढूच नये. मांजर जेवून सुस्तावलं असताना नुसता पंजा हातात घ्यावा, दाबावा, सोडावा आणि उकडलेल्या माशाचा नखाएवढा तुकडा द्यावा. मग एक दिवस एकच नख. दुसऱ्या दिवशी दुसरं. अठरा नखं एका बैठकीत झाली पाहिजेत असा काही सरकारी नियम नाही. ठमीची पहिली फेरी आम्ही नऊ दिवसांत पुरी केली, दिवसाला दोन नखं. ती शेपटी आपटू लागली किंवा कान मागे पाडू लागली की समजावं, आजची सभा बरखास्त. मानगूट धरून, ओरडून, चौघांनी दाबून केलेलं काम एकदाच होतं. पुढल्या वेळी कात्री पाहूनच मांजर कपाटावर जातं. पुढे मात्र दर दोन-तीन आठवड्यांनी हे काम निघतंच. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं, अंगठ्याजागचं नख विसरू नये. ते जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही आणि म्हाताऱ्या मांजरात वळून गादीत रुततं.

कुणी विचारतील, एकदाच मुळासकट काढून का टाकू नयेत? तर ऐका. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. ते काढायचं म्हणजे अठरा किंवा निदान दहा बोटांची पेरं तोडायची. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानं २०१९ साली यावर बंदी घातली आणि आपल्याकडे प्राण्याचा अवयव तोडून त्याला विद्रूप करणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. सोफा वाचवायचा तर खुर्चीच्या पायाला काथ्याचा दोर घट्ट गुंडाळून द्यावा. मांजर ओरबाडतं ते खोडीपायी नव्हे. नखावरची जुनी साल काढायला आणि पंजाचा वास ठेवून जागा आपली म्हणायला.

दोन गोष्टी अवश्य ध्यानात ठेवा. अंगणात, गल्लीत फिरणाऱ्या मांजराची नखं कापू नका. कुत्रा मागे लागला तर झाडावर चढायला त्याला दुसरं काय आहे? आणि मांजराचा चावा किंवा रक्त काढणारा ओरखडा बसला तर जागा साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रेबीज हा थट्टेचा विषय नाही.

सासूबाईंच्या हातांवर आता नवे ओरखडे नाहीत. डॉक्टरांनी अजून एक उपाय सुचवला होता, तोही चालू आहे. मांडीवर जाडसर गोधडीची घडी असते आणि त्या घडीवर ठमी मनसोक्त कणीक तिंबते.

तुमच्याकडे हे काम निघायचं असेल तर फटाके सुरू व्हायच्या आत उरका. पहिला सुतळी बाँब फुटला की मांजर पलंगाखाली जातं, आणि भेदरलेल्या जिवाचा पंजा हातात घ्यायचा नसतो. तेव्हा तिला तिथंच बसू द्या, जवळ पाण्याची वाटी ठेवा. नखं भाऊबीजेनंतरही कापता येतील.