ताली कोणी राखायच्या?



ज्वारी आणि कापूस पेरून आभाळाकडे डोळे लावणारी माणसे जगात आपणच, असा आपला समज असतो. तो खरा नाही. आफ्रिका खंडात इथिओपिया नावाचा देश आहे. त्याच्या दक्षिणेला, राजधानी अदिस अबाबापासून सुमारे ६०० किलोमीटरवर, डोंगरमाथ्यावर गावे करून राहणारे कोन्सो लोक आहेत. त्यांचे पोट ज्वारीवर चालते. कापूसही ते पिकवतात. सूत बायका काततात, माग पुरुष चालवतात. पाऊस वर्षातून दोनदा येतो असे म्हणायचे. प्रत्यक्षात दोन्हींचा भरवसा नाही. जमीन उताराची आणि दगडाची. ज्वारी तर मूळची ईशान्य आफ्रिकेतलीच. तिथून ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वी आपल्या देशात आली. तेव्हा हे नाते पाहुण्याचे नाही, भाऊबंदकीचे आहे.

या अंकात त्यांच्याविषयी लिहितो आहोत ते दूरदेशीची मौज सांगायला नव्हे. गाव एकत्र राहते ते कशाच्या बळावर, हा प्रश्न आपल्या प्रत्येक बैठकीत निघतो. एकी करा, सहकार करा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. एकीचा खर्च किती आणि तो कोणी सोसायचा, हे कोणी सांगत नाही. कोन्सोच्या डोंगरावर हा हिशेब दगडात मांडलेला आहे, म्हणून तो पाहायचा.

डोंगराच्या पायथ्यापासून वरपर्यंत दगडी ताली घातलेल्या आहेत. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड बसवलेला. काही ठिकाणी तालीची उंची पाच मीटरपर्यंत जाते. दोन तालींच्या मध्ये मातीचा पट्टा, त्यात ज्वारी, मका, कडधान्य, कापूस असे मिसळीचे पीक. पट्टे इतके अरुंद की बैल वळत नाही, काम कुदळीने. ताल माती धरून ठेवते, पडलेले पाणी मुरवते आणि जास्तीचे पाणी बेताने खाली सोडते. पट्ट्यात पुन्हा मातीचे छोटे वाफे आणि ज्वारीच्या धांड्यांच्या आडव्या ओळी, म्हणजे पाणी धावायच्या आत थांबावे. आपण पऱ्हाटी आणि धांडे धुऱ्यावर ढीग करून पेटवून देतो. तिथे धांडे म्हणजे बांधाला हातभार.

आता खरी गोष्ट. वरच्या पट्ट्यातली ताल ढासळली आणि मालकाने ती उचलली नाही, तर पुढच्या पावसात पाणी तिथूनच सुटते आणि खालच्या शेजाऱ्याची माती घेऊन जाते. त्याच्या खालच्याचीही जाते. म्हणजे एकाचा आळस पाच-दहा घरांच्या ताटातली भाकरी नेतो. आपल्याकडच्या सपाट काळ्या रानात शेजाऱ्याचा धुरा फुटला तर आपण चार शिव्या देतो, फार झाले तर मोजणी आणतो. उतारावर तेवढ्याने भागत नाही. तिथे शेजाऱ्याची ताल हे आपलेच काम होते. कोन्सो लोक आपल्यापेक्षा सद्गुणी आहेत असे आम्ही म्हणत नाही. पाणी वरून खाली येते, एवढेच त्यामागचे तत्त्वज्ञान आहे.

मोठे काम निघाले की जोडीदार जमतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. आपल्याकडची सावड ती हीच. कधी गटाला मोबदला देऊनही काम होते. ज्याचे काम त्याच्या घरी ज्वारीची किंवा मक्याची आंबवलेली दाट पेज करतात. तिला चका म्हणतात. ती दारूत मोडते हे खरे, पण पोटही भरते, आणि उन्हात कुदळ मारणाऱ्याला ती अन्नासारखीच लागते. आपल्या इर्जिकीत वाजंत्री लावून बैलजोड्या जुंपायचे आणि संध्याकाळी जेवणाची पंगत बसायची, ते आठवणारी म्हातारी माणसे अजून आहेत. इर्जिक मोडली ती ट्रॅक्टर आला म्हणून, असे सांगतात. आम्हाला ते पुरे वाटत नाही. पंगत घालण्याइतके धान्य घरात उरेनासे झाले, हेही कारण त्यात आहे.

जनावरे मोकाट सोडत नाहीत. गोठ्यात बांधून त्यांना चारा घालतात, कारण तालीवरून गुरे गेली की दगड हलतात. गोठ्यातले खत डोक्यावरून शेतात जाते; त्यात घरचा सगळा केर आणि राखही असते. शेतात आणि अंगणात शेवग्याची झाडे असतात. आपण शेवग्याच्या शेंगा खातो. त्यांचा शेवगा वेगळ्या जातीचा आणि ते त्याचा पाला खातात. दुष्काळात सगळे रान करपले तरी हे झाड हिरवे राहते. ज्वारीच्या किंवा मक्याच्या पिठाचे गोळे शेवग्याच्या पाल्याबरोबर उकडायचे, हे त्यांचे रोजचे जेवण. आपल्या उकडशेंगोळ्यांची ही भावंडेच म्हणायची. ज्या घरात शेवग्याची झाडे जास्त, त्या घराला वाईट साल काढणे सोपे. मायबहिणींनी हे ध्यानात घ्यावे. बांधावर एक शेवगा लावायला कोणाची मंजुरी लागत नाही.

गावे डोंगराच्या माथ्यावर, दगडी तटाच्या आत. लोक वाढले की जुन्या तटाबाहेर घरे होतात आणि नवा तट पडतो. काही गावांना असे सहापर्यंत फेरे आहेत. गावात चौक असतो आणि तिथे गावकीचे घर असते. त्याला मोरा म्हणतात. खाली मोकळी बसायची जागा, वर माळा. गावातले तरणे आणि बिनलग्नाचे पुरुष रात्री माळ्यावर झोपत. घरे गवताची आणि एकमेकांना खेटून; आग लागली किंवा कोणी चालून आले तर धावणारे हात एका हाकेत मिळावेत, हा त्यातला व्यवहार. भांडणतंटे तिथेच ऐकले जातात. चौकात उचलून पाहायचा जड गोटाही असतो; आपल्याकडे मारुतीच्या पारापुढे असतो तसाच. काही गावांत दर १८ वर्षांनी पुढच्या पिढीच्या हाती गावाची जबाबदारी जाते आणि त्याची खूण म्हणून चौकात एक उंच लाकडी खांब चढवतात. खांब मोजले की गावाचे वय कळते. पाण्यासाठी खोदलेली, दगडाने बांधलेली तळी आहेत आणि त्यांचा गाळ गावाने मिळून काढायचा असतो. देवराया आहेत, त्यात कुऱ्हाड चालत नाही.

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की रामराज्य सापडले. तसे मुळीच नाही. कोन्सोंमध्ये शेतकरी आणि कारागीर असा जुना भेद आहे. लोहार, कुंभार, विणकर, कातडे कमावणारे यांना परंपरेने जमीन नसे आणि शेतकऱ्याच्या घराशी त्यांची सोयरीक होत नसे. ज्याच्या कुदळीवर अख्खा डोंगर उभा राहिला त्या लोहाराला त्या डोंगरात पट्टा नाही! बलुतेदारी पाहिलेल्या आपल्या गावांना हे नवे नाही. बायकांचे तर विचारू नका. गाव माथ्यावर, पाणी खाली. घागर, सरपण, दळण, पेज आणि शेतातले काम, सगळे त्यांच्याच अंगावर. गावकीच्या चौकात मात्र निवाडा पुरुषांचा. एकीचे गोडवे गाताना ही बाजू झाकून ठेवली तर आपण शेतकऱ्याची बाजू मांडतो असे म्हणायचा आपल्याला अधिकार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेकडच्या सम्राटाच्या फौजांनी कोन्सो जिंकले, आणि त्यानंतर राज्यकर्त्यांच्या माणसांना धान्य आणि श्रम देणे त्यांच्या माथी आले. १९७४ मध्ये बादशाही गेली, लष्करी राजवट आली. तिने १९७५ मध्ये फर्मान काढून देशातली सगळी शेतजमीन सरकारची केली. सरंजामदार गेले हे चांगलेच झाले, पण त्यांच्या जागी सरकार बसले. पुढे सरकारी महामंडळाने ठरवलेल्या भावात धान्याचा ठराविक वाटा घालायची सक्ती आली. भाव बाजारापेक्षा कमी. साठ-सत्तरच्या दशकातली आपली ज्वारीची लेव्ही आणि १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी ज्यांनी भोगली, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. तिथली सक्ती १९९० मध्ये उठली, राजवट १९९१ मध्ये पडली. जमीन मात्र १९९५ च्या राज्यघटनेनेही शेतकऱ्याच्या नावे केली नाही. आजही तिथला शेतकरी जमीन कसू शकतो, विकू शकत नाही.

याच राजवटीच्या काळात इथिओपियाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात सरकारने मृद्संधारणाची मोठी मोहीम काढली. परदेशातून मदतीचे धान्य यायचे, ते मजुरी म्हणून वाटायचे आणि बांध घालून घ्यायचे. हजारो किलोमीटर बांध पडले. राजवट गेल्यावर अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी ते बांध स्वतःच्या हातांनी मोडले, नांगरून टाकले. तज्ज्ञ म्हणाले, शेतकरी अडाणी. त्याच देशात दुसऱ्या शेतकऱ्यांनी ४०० वर्षांवर ताली राखलेल्या आहेत, पिढीमागून एकवीस पिढ्या, त्यांना कोणत्या कृषी अधिकाऱ्याने शिकवले होते?

आपल्याकडेही वेगळे घडले नाही. १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्यापासून समपातळीचे बांध पडू लागले. बांध शेताच्या मधून तिरपा जायचा, पाभर आणि वखर फिरवायला अडथळा, काळ्या रानात बांधामागे पाणी तुंबून पीक पिवळे पडायचे, आणि खर्च शेतकऱ्याच्या नावे चढायचा. शेतकऱ्याने हळूहळू तो नांगरला. धुऱ्यावरचा बांध मात्र त्याने राखला, कारण तो त्याच्या हद्दीवर होता, त्याच्या सोयीचा होता. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर खडी फोडली, बंडिंग केले. त्या कामाने माणसे जगली, हे उपकार कोणी विसरू नये. पण त्यातले किती बांध आज उभे आहेत? हजेरीपट बंद झाला की बांधाचा मालक कोण, हे कोणी ठरवलेच नव्हते.

आम्हाला वाटते ते स्पष्ट सांगतो. बांध टिकतो तो त्याची डागडुजी करणाऱ्याला त्यातून काही उरत असेल तर. कोन्सोची ताल ही एकदा बांधली आणि झाले अशी वस्तू नाही. दर पावसाळ्यानंतर दगड घसरतात, ते पुन्हा चढवायचे असतात. ही मजुरी ज्वारीच्या उत्पादन खर्चात कोणी धरत नाही. बाजारात येणारी ज्वारी डोंगरावरची की सपाटीवरची, असे गिऱ्हाईक विचारत नाही. जोवर जवळपास दुसरे काम नव्हते तोवर हे श्रम फुकटात पडत होते. आता पोरे शहरात मजुरीला जातात. रोजचा रोख पैसा हातात पडतो. ताल चढवायला म्हातारे आणि बायका उरतात. त्यात २०२० च्या अखेरीपासून २०२२ च्या अखेरीपर्यंत दक्षिण इथिओपिया आणि आसपासच्या मुलखात सलग पाच हंगाम पाऊस चुकला. बियाणेसुद्धा खाऊन संपले अशा घरातला पोरगा तालीचा दगड उचलायला थांबेल कसा?

२०११ मध्ये युनेस्कोने कोन्सोच्या ताली आणि तटबंदीची गावे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. मान मोठा आहे, तो मिळायलाच हवा होता. आता परदेशी पाहुणे येतात, फोटो घेतात. घरांवर पत्रे आले तर वारशाची शोभा जाते अशी जाणत्यांची तक्रार आहे. गवताच्या छपराखाली ज्याने आगीत घर गमावले असेल, त्याला पत्रा कुरूप दिसत नाही. शोभा राखायची तर तिची किंमत पाहणाऱ्याने मोजावी. ज्याच्या घामावर वारसा उभा आहे त्याला वर्षाकाठी डागडुजीचा मोबदला का मिळू नये, हा प्रश्न आमच्या मते युनेस्कोच्या पाटीपेक्षा मोठा आहे.

हाच प्रश्न आपल्या रानातही आहे. येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी लिहून आणाव्यात. गावात गेल्या पावसाळ्यात किती धुरे फुटले आणि त्यातले किती बांधून झाले. एक धुरा माणसाच्या हाताने बांधायला किती दिवस लागले आणि त्या दिवसांची चालू मजुरी किती झाली. मालकाने स्वतः राबून बांधला असेल तरी त्याचे आणि घरच्या बाईचे दिवस वगळू नयेत. जिथे अजून सावडीने काम होते त्या गावांनी सावडीचा हिशेब कसा ठेवतात तेही लिहावे: बैलाच्या दिवसाला माणसाचे किती दिवस धरतात, आजारी पडलेल्याची पाळी कोण काढतो, आणि ज्याला जमीन नाही तो सावडीत बसतो की नाही.