व्हिसा झाला, पत्त्याचं काय?

जर्मनीचा व्हिसा पासपोर्टवर चिकटला की आपल्याकडे पेढे वाटून होतात, फेअरवेलचा केक कापला जातो आणि ‘सुटला बुवा एकदाचा’ असं सगळे धरून चालतात. मला विचाराल तर खरी गंमत त्यानंतर सुरू होते. तिथल्या सगळ्या कागदांची सुरुवात पत्त्यापासून होते!

नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या ऑफिसात पत्ता नोंदवायचा. याला म्हणतात आनमेल्डुंग. सोपं वाटतं ना? थांबा. २०१५ पासून त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग (एका दमात म्हणून दाखवा, कटिंग माझ्याकडून). फॉर्म नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर टॅक्स आयडी नाही. तो नसेल तर कंपनी सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जड टॅक्स कापू शकते. पैसे नंतर परत मिळतात हो, पण घराचं डिपॉझिट भरायच्या महिन्यात तो पगार बघून पोटात गोळा येतो. शिवाय इथून मिळालेल्या व्हिसाची मुदत संपायच्या आत रेसिडेन्स परमिटचा अर्ज करायचा असतो, आणि तो कुठल्या ऑफिसात, हेही पत्त्यावरच ठरतं.

बरं, घर शोधायला जावं, तर मालक मागतो तिथल्या पगाराच्या स्लिपा आणि ‘शुफा’ नावाचा क्रेडिट रिपोर्ट. कालच विमानातून उतरलेल्या माणसाने हे आणायचं कुठून? म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, सुरुवातीचे दोन-तीन महिने ज्या फ्लॅटमध्ये काढणार, तिथे आनमेल्डुंग होईल का, हे बुकिंगआधीच ईमेलवर विचारून घ्या. टुरिस्टांना फ्लॅट देणारे मालक बऱ्याचदा चक्क नाही म्हणतात. ऑफर लेटरवर घासाघीस करताना पगाराबरोबर कंपनीचं तात्पुरतं घरही मागा.

आणि हो, लेटरबॉक्सवर आपलं आडनाव लावा! बहुतेक इमारतींत फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो. टॅक्स आयडी पोस्टानेच येतो. ‘वॉचमनकडे ठेवा’ तिथे चालत नाही.

राहिली भाषा. ऑफिसात इंग्लिश चालतं, म्हणून जर्मन टाळणारे खूप भेटतात. पण ब्ल्यू कार्डवर काम करून पेन्शनचे हप्ते भरत राहिलात, तर ए-वन जर्मनवर २७ महिन्यांनी कायम राहण्याचा परवाना मागता येतो, आणि बी-वन असेल तर २१ महिन्यांनी. सहा महिन्यांचा फरक आहे, राव! ब्ल्यू कार्ड नोकरीवर टिकून असतं. नोकरी गेली तर दुसरी शोधायला मोजकेच महिने मिळतात. कायमचा परवाना हातात असला की ती धाकधूक संपते. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असतोच ना? मॅक्सम्युलर भवनाची पुढची बॅच कधी आहे, ते बघून ठेवा.