उजेड आकाशाला की वस्तीला?

नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातील खेड्यांत शंभराहून अधिक सार्वजनिक दिवे बदलून खाली तोंड असलेले दिवे बसविण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत. वर वाया जाणारा उजेड तेवढा रस्त्यावर आला.

जे खेड्यांना साधले, ते महानगरपालिकांना का साधू नये? चौकांतील शोभेचे झोत रात्रभर आभाळ उजळतात आणि त्यांचे बिल जनता भरते. कष्टकऱ्यांच्या वस्तीतील गल्ल्या मात्र अंधारातच राहतात. मागणी अंधाराची नाही, उजेडाच्या न्याय्य वाटपाची आहे. वरून झाकलेले, पिवळसर प्रकाशाचे दिवे ही निविदेचीच अट असावी. कार्यकर्त्यांनी हा प्रश्न प्रत्येक नगरपालिकेत लावून धरला पाहिजे.